कंपोस्टेबल पिशवी सोसायटीच्या टाक्यात का कुजत नाही?

पुण्यातल्या एका सोसायटीच्या कमिटीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ओला कचरा गोळा करायला आम्ही कंपोस्टेबल पिशव्या वापरतो, गणपतीत महाप्रसादाला उसाच्या चिपाडाच्या ताटल्या आणतो. सगळं आवारातल्या विटांच्या टाक्यात जातं. तीन महिन्यांनी खत चाळलं की ताटल्यांचा मागमूस नसतो, पिशव्यांच्या चिंध्या मात्र चाळणीवर उरतात. दुकानदाराने फसवलं, की आमचं काही चुकतंय? आणि या वस्तू मुळात बनतात कशापासून?

ओल्या कचऱ्याचं खत करणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. त्यामुळे उत्तर ढिगाजवळ उभं राहून देतो, पिशवीच्या दुकानातून नाही.

आधी थेट निकाल. पिशवी नकली असू शकते. ती कशी ओळखायची ते पुढे सांगतो. पण पिशवी अगदी अस्सल असती तरी तुमच्या टाक्यात ती तीन महिन्यांत संपली नसती, असं मला वाटतं. कारण ती ज्या चाचणीत पास झालेली असते, ती चाचणी 58 अंश सेल्सिअसला घेतात, आणि सोसायटीचं टाकं एवढं तापून आठवडेच्या आठवडे तसंच राहणं फार क्वचित घडतं. ताटली जाते आणि पिशवी उरते, याचं मूळ त्या दोन्ही वस्तू बनतात कशा यात आहे. म्हणून तिथून सुरुवात करू.

ताटली सोपी. ऊस गाळल्यावर शंभर किलोमागे साधारण 28 ते 30 किलो ओलसर चिपाड उरतं, कारखान्याच्या भाषेत बगॅस. त्यातलं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं. बहुतेक साखर कारखाने ते आपल्याच बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करतात, म्हणजे बगॅसला आधीपासून गिऱ्हाईक आहे. म्हणूनच 'फुकटच्या चोथ्याच्या' ताटल्या इतक्या महाग का, या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: चोथा फुकट नाही. हे चिपाड कॉस्टिक सोड्यात शिजवून त्यातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना एकमेकांशी चिकटवून ठेवणारं द्रव्य, बरंचसं काढतात, उरलेला तंतूंचा लगदा धुतात, कधी ब्लीच करतात. मग भरपूर पाण्यात पातळ केलेला हा लगदा जाळीच्या साच्यावर ओढून घेतात, पाणी खालून शोषून घेतात आणि तापलेल्या साच्यात दाबून ताटली वाळवतात. तंतू एकमेकांना धरून बसतात, वेगळा गोंद लागत नाही. उत्तर प्रदेशात अयोध्येला 'पक्का' नावाची कंपनी असा माल मोठ्या प्रमाणावर काढते.

याचा अर्थ ताटली म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, वनस्पतींचे तंतू ज्याचे बनतात ते द्रव्य. पालापाचोळ्यातली बुरशी आणि जिवाणू लाखो वर्षांपासून हेच खात आले आहेत. सेल्युलोज तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, त्यांच्याकडे तयार असतं आणि ते 30-35 अंशांनाही काम करतं. तुमचं टाकं थंड असलं तरी ताटली जाते ती यामुळे.

एका ठिकाणी मात्र या ताटल्यांबाबत मी कडक आहे. लगदा पाणी आणि तेल पितो. रश्शाची वाटी गळू नये म्हणून त्यात काहीतरी मिसळावंच लागतं, आणि तेल अडवण्यासाठी बरीच वर्षं जगभर फ्लोरीनयुक्त रसायनं, म्हणजे पीएफएएस गटातली द्रव्यं, वापरली गेली. ती कुजत नाहीत. ताटली कुजते, हे द्रव्य खतात उरतं, खतातून मातीत जातं. अमेरिकेतल्या बीपीआय या प्रमाणन संस्थेने 2020 पासून एकूण फ्लोरीन दहा लाख भागांत 100 भागांच्या वर असलेल्या मालाला प्रमाणपत्र देणं बंद केलं. तुम्ही घाऊक ताटल्या घेता तेव्हा विक्रेत्याकडे फ्लोरीनच्या चाचणीचा अहवाल मागायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. गरम तेलाचा थेंब ताटलीवर मण्यासारखा तसाच टिकून राहिला तर हा प्रश्न जरूर विचारा.

पोफळीच्या विरीची, म्हणजे सुपारीच्या झावळीच्या रुंद देठाची, ताटली याहून साधी. झाडावरून आपोआप गळलेली विरी धुतात, भिजवतात आणि तापलेल्या साच्यात दाबतात. कोकणात आणि कर्नाटकात शिमोग्याच्या बाजूला हे काम चालतं. पळसाच्या किंवा वडाच्या पानांची पत्रावळ तर आपल्याला सांगायलाच नको. तिला ना लगदा लागतो ना बॉयलर, आणि ती कोणत्याही ढिगात, गोठ्यामागच्या उकिरड्यातसुद्धा मुकाट कुजते. पत्रावळ स्वयंपाकघरातून गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं. आज ज्या गुणासाठी आपण प्रमाणपत्रं छापतो, तो गुण तिच्यात मुळातच होता.

आता पिशवी. इथे गोष्ट रसायनांची आहे आणि जरा सावकाश सांगायला हवी.

कंपोस्टेबल प्लास्टिकमध्ये सगळ्यात जास्त नाव ऐकू येतं ते पीएलएचं, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड. मका, कसावा किंवा ऊस यांच्यापासून साखर मिळवतात. त्या साखरेवर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू सोडतात. दही आंबट होतं ते याच आम्लामुळे. आम्ल शुद्ध करून, पाणी काढून आधी त्याच्या दोन-दोन रेणूंची बंद कडी बनवतात, तिला लॅक्टाइड म्हणतात. मग कथिलाच्या उत्प्रेरकाने त्या कड्या उघडून लांबच लांब साखळी जोडतात. कागदावरचा हिशेब असा की 180 ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त 144 ग्रॅम पीएलए मिळतं. बाकी पाणी होऊन जातं. प्रत्यक्षात त्याहून कमीच. अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअर गावी नेचरवर्क्सचा कारखाना 2002 पासून हे काढतो, थायलंडमध्येही मोठा कारखाना आहे. आपल्याकडे बलरामपूर चिनी मिल्सने 2024 मध्ये उत्तर प्रदेशात उसाच्या साखरेपासून पीएलए बनवण्याचा प्रकल्प जाहीर केला.

पण नुसत्या पीएलएची पिशवी करून बघा, ती कडकडते आणि चटकन फाटते. पीएलए स्वभावाने कडक आणि ठिसूळ. म्हणून पिशवीत मुख्य काम करतं दुसरंच द्रव्य, पीबीएटी. जर्मनीच्या बीएएसएफने ते 1998 मध्ये 'इकोफ्लेक्स' या नावाने बाजारात आणलं. ते लवचीक आहे, ताणलं जातं, पॉलिथिनसारखं हाताला मऊ लागतं. आणि ते आजही बहुतांशी खनिज तेलापासून बनतं. पुष्कळांना हे ऐकून धक्का बसतो, म्हणून ठासून सांगतो: वस्तू कशापासून बनली आणि ती कुजते की नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेलापासून बनलेलं पीबीएटी कुजतं. उलट, उसाच्या अल्कोहोलपासून बनवलेलं पॉलिथिन असतं, ते वनस्पतीजन्य असूनही अजिबात कुजत नाही. साखळीत सूक्ष्मजीवांना तोडता येईल असा सांधा आहे की नाही, एवढ्यावर सगळं ठरतं. पॉलिथिनमध्ये तसा सांधा नाही. पीएलए आणि पीबीएटी दोन्हींत एस्टरचा सांधा असतो, जो पाण्याने आणि विकरांनी तुटतो.

बाजारातली मऊ पिशवी म्हणजे बहुधा पीबीएटीत पीएलए किंवा स्टार्च आणि थोडी खडूची पूड किंवा टाल्क मिसळून केलेले दाणे. हे दाणे नीट वाळवावे लागतात, कारण ओलावा राहिला तर मशीनमध्येच साखळ्या तुटायला लागतात. मग वितळवून, फुग्यासारखी फिल्म फुगवून, कापून, खालून सील करतात. पॉलिथिनच्या पिशव्यांचं मशीन थोड्या फेरफाराने इथेही चालतं. तिसरा एक प्रकार, पीएचए, अजून महाग आहे. काही जिवाणू उपासमारीच्या दिवसांसाठी स्वतःच्या पेशीत हे द्रव्य साठवतात. फ्रान्समध्ये मोरिस लेमोइन यांनी ते 1926 मध्येच ओळखलं होतं. ते साध्या तापमानाला, मातीत आणि समुद्रातही कुजतं, म्हणून मला त्याबद्दल खरी आशा आहे. पण तुमच्या सोसायटीच्या पिशवीत ते असण्याची शक्यता आज फार कमी.

आता कुजण्याकडे. उसाचं अख्खं कांडं कोणी गिळू शकत नाही, आधी पेरांवर तोडून तुकडे करावे लागतात. सूक्ष्मजीवांचं आणि या साखळ्यांचं नेमकं तसंच आहे. पीएलएमध्ये हे तोडण्याचं पहिलं काम जिवाणू करतच नाहीत, ते पाणी करतं. आणि पाण्याला आत शिरायला साखळ्या हलत्या लागतात. पीएलए 55 ते 60 अंशांच्या खाली काचेसारखं घट्ट असतं. त्याच्या वर गेलं की मऊ पडतं, पाणी शिरतं, साखळी तुटत तुटत इतकी आखूड होते की जिवाणू तिला आत घेऊ शकतात. 30 अंशांना हीच क्रिया इतकी संथ चालते की तुमच्या तीन महिन्यांत डोळ्यांना काहीच दिसणार नाही. पीबीएटीवर काही बुरशींची विकरं थेट चालतात, पण तीही उष्णतेत जोमाने आणि थंडीत रडतखडत. म्हणून चिंध्या उरतात.

नीट रचलेला ढीग स्वतःच तापतो, त्याला बाहेरून आच द्यावी लागत नाही. जिवाणू कचरा खाताना उष्णता सोडतात. ढीग पुरेसा मोठा असेल तर ती आत कोंडली जाते आणि दोन-तीन दिवसांत मधला भाग 55 ते 65 अंशांवर जातो. इथे आकारमानाला पर्याय नाही. निदान एक मीटर लांब, तेवढाच रुंद आणि उंच ढीग असल्याशिवाय उष्णता टिकत नाही. सोसायटीच्या टाक्यात रोज दोन बादल्या पडतात, म्हणजे ढीग कधी एकदम उभा राहतच नाही. खालचा थर निवून गेलेला असतो तेव्हा वरचा ताजा असतो. ही तुमची हयगय नाही, पद्धतच तशी आहे. इंदूरला ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1920 च्या दशकात जी पद्धत बसवली तिचा जीवच यात होता: थर एकदम रचायचे, ढीग तापू द्यायचा आणि ठरावीक काळाने पालटायचा. आपल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांच्या नाडेप टाक्यातही भिंतीत भोकं ठेवून टाकं एका झपाट्यात भरतात, त्यामागेही हवा आणि उष्णता यांचाच विचार आहे.

चाचणीचं मोजमाप काय असतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पिशवीवरच्या शिक्क्याचा अर्थ कळेल. आपल्याकडे 2016 च्या प्लास्टिक कचरा नियमांनी आयएसओ 17088 हे मानक धरलं आहे. युरोपचं ईएन 13432 आणि अमेरिकेचं एएसटीएम डी6400 याच कुळातली. वस्तूचे तुकडे तयार खतात मिसळून 58 अंशांच्या आसपास ठेवतात आणि बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड मोजतात. 180 दिवसांच्या आत त्यातला 90 टक्के कार्बन वायू होऊन गेलेला दिसला पाहिजे. शिवाय 12 आठवड्यांनी 2 मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त उरता कामा नये. जड धातूंना मर्यादा असते आणि त्या खतात बी नीट उगवतं का, तेही बघतात. प्रमाणपत्र तपासलेल्या जाडीपुरतंच असतं. त्याच द्रव्याची जाड वस्तू तेवढ्या वेळात जाईलच असं नाही.

या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. 90 टक्के कार्बन वायू होऊन गेला, म्हणजे खतात काय आलं? जवळजवळ काहीच नाही. पीएलए आणि पीबीएटीमध्ये नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. पिशवीने तुमचं खत सुधारत नाही. तिचा एकमेव खरा उपयोग हा की तिच्या आत बांधून आलेलं उष्टं, भाजीचे देठ, निर्माल्य हे सगळं प्लास्टिक न मिसळता ढिगापर्यंत पोहोचतं. पिशवीची किंमत तिने आणलेल्या ओल्या कचऱ्यात मोजायची. माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि खरेदीचा प्रत्येक निर्णय मी हिच्यावरच तपासतो.

इटलीतल्या मिलानने हेच डोळ्यांसमोर ठेवून काम केलं. इटलीत 2011 पासून साध्या प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आली, दुकानात कंपोस्टेबल पिशवी मिळू लागली. 2012 पासून मिलानने घरोघरी स्वयंपाकघरातला कचरा वेगळा उचलायला सुरुवात केली, आणि तीच दुकानातली पिशवी लोकांनी या कचऱ्यासाठी वापरली. पिशवी, डबा, गाडी, कारखाना अशी साखळी शेवटपर्यंत जुळलेली होती. उलट अमेरिकेत ओरेगॉनमधल्या खत कारखान्यांनी 2019 मध्ये मिळून जाहीर केलं की कंपोस्टेबल पॅकिंग आणि ताटं-वाट्या आम्हाला नकोत: त्यासोबत साधं प्लास्टिक घुसतं, आमच्या वेळापत्रकात ती वस्तू कुजत नाही आणि खताचा दर्जा उतरतो. दोन्ही ठिकाणी द्रव्यं तीच. फरक पडला तो शेवटच्या टप्प्याने.

घरगुती कंपोस्टिंगसाठी वेगळी प्रमाणपत्रं असतात. ऑस्ट्रियाच्या टीयूव्हीचं 'ओके कंपोस्ट होम' 20 ते 30 अंशांवर एका वर्षाच्या आत 90 टक्के कुजण्याची अट घालतं. ही पिशवी मिळाली तर तुमच्या टाक्याला ती कितीतरी बरी. तरी फार मोठी आशा धरू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ब्रिटनमधल्या सामान्य माणसांना आपापल्या बागेत अशा वस्तू कुजवायला सांगितल्या; 2022 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा घरगुती कंपोस्टेबल म्हणून प्रमाणित असलेल्यांपैकी 60 टक्के वस्तू पूर्ण विरलेल्या नव्हत्या.

आता तुमच्या टाक्याचं काय करायचं. एक लांब दांड्याचा तापमापी घ्या, फार महाग नसतो. तो मधोमध खुपसून रोज सकाळी आकडा लिहा. हा आकडा नसेल तर बाकीची सगळी चर्चा अंदाजपंचे. दोन टाकी असतील तर रोजचा कचरा एका बाजूला थोडा साठवून, पुरेसा जमला की एकदम रचा. ओल्या कचऱ्याच्या एका बादलीमागे एक ते दोन बादल्या सुका पाला, भुसा किंवा कोकोपीट. नुसतं उष्टं टाकलं तर नत्र जास्त होतो, ढीग चिकट होतो, वास सुटतो आणि हवा जात नाही. पाला कार्बन देतो आणि पोकळी ठेवतो. कार्बन आणि नत्राचं प्रमाण 25 ते 30 ला एक असं जमलं की ढीग छान तापतो. ओल तपासायला मूठभर माल दाबा: एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये, कोरडाही वाटू नये. पावसाळ्यात वरून पत्रा घालाच. तापमान चढून उतरायला लागलं की ढीग पालटा, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर; पुन्हा चढेल.

पिशवी अख्खी गाठ मारून टाकू नका. गाठ मारलेल्या पिशवीत हवा जात नाही, आतला कचरा सडून आंबतो. सोडा, रिकामी करा, पिशवी फाडून ढिगाच्या अगदी मध्यात, जिथे सर्वांत जास्त उष्णता आहे तिथे ठेवा. चाळणीवर उरलेल्या चिंध्या फेकायच्या नाहीत, पुढच्या ढिगात परत घालायच्या. दोन-तीन फेऱ्यांत अस्सल पिशवी बरीच जाते. ज्या चिंध्या फेरीमागून फेरी तशाच लवचीक आणि तशाच आकाराच्या राहतात, त्यांच्यावर संशय घ्या.

बऱ्याच सोसायट्यांत विजेवर चालणारं 'चोवीस तासांत खत' यंत्र असतं. त्यातून येतो तो वाळवलेला, भरडलेला कचरा असतो, परिपक्व खत नाही. एका दिवसात कोणतीही पिशवी कुजत नाही. ती मऊ होऊन दांड्याभोवती गुंडाळली जाते. अशा यंत्रात पिशवी घालूच नका. हीच गोष्ट बायोगॅसची. 35-37 अंशांवर चालणाऱ्या, हवा नसलेल्या टाकीत या पिशव्या जवळजवळ तशाच राहतात, म्हणून प्रकल्पात त्या आधीच ओढून काढतात. तुमचा ओला कचरा महापालिकेची गाडी बायोगॅसला नेत असेल तर कंपोस्टेबल पिशवीवर खर्च करण्यात काही अर्थ नाही. झाकणाचा डबा वापरा, आत वर्तमानपत्राचा कागद घाला आणि डबा रोज धुवा. अनेक घरांना मी हाच सल्ला देतो आणि तो चांगला चालतो.

पिशवी अस्सल की नकली? हाताला मऊ लागणं, रंग हिरवट असणं, 'आय ॲम नॉट प्लास्टिक' असं छापलेलं असणं, यातल्या कशालाही पुरावा मानू नका. जाळून बघण्यानेही काही सिद्ध होत नाही. कायद्याने कंपोस्टेबल पिशवीवर तसं स्पष्ट लिहिलेलं, उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक हवा. मंडळाच्या संकेतस्थळावर परवानाधारक उत्पादकांची यादी आहे, तिथे नाव आणि क्रमांक ताडून बघा. नाव नाही तर पिशवी परत. 'बायोडिग्रेडेबल' किंवा 'ऑक्सो' एवढंच लिहिलं असेल तर हातही लावू नका. ऑक्सो म्हणजे साध्या पॉलिथिनमध्ये असं मिश्रण की ते उन्हात लवकर फुटून बारीक तुकडे होतं. युरोपीय संघाने जुलै 2021 पासून त्यावर बंदी घातली आहे. आपल्या नियमांतही 2024 च्या दुरुस्तीने जैवविघटनशील म्हणवणाऱ्या प्लास्टिकने मागे सूक्ष्म प्लास्टिक ठेवता कामा नये, असं स्पष्ट केलं. महाराष्ट्रात 23 मार्च 2018 ची प्लास्टिकबंदीची अधिसूचना आली तेव्हा रोपवाटिका, शेती आणि कचरा हाताळणी यांसाठी कंपोस्टेबल पिशवीला सूट दिली होती. कुठे वापरावी याचा तो विचार मला आजही बरोबर वाटतो.

कारण उघड्यावर टाकल्यावर ही पिशवी काय करते, याचंही उत्तर उपलब्ध आहे. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्प्सन यांनी वेगवेगळ्या पिशव्या तीन वर्षं माती, समुद्र आणि उघड्या हवेत ठेवल्या. 2019 मध्ये त्यांनी सांगितलं: कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, पण मातीत 27 महिन्यांनीही होती. 'बायोडिग्रेडेबल' म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षं मातीत राहूनही सामान वाहू शकत होती. म्हणून मुळा-मुठेच्या काठावर निर्माल्य कंपोस्टेबल पिशवीत बांधून सोडणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो की त्यात नदीचं काहीही भलं नाही. कचरा डेपोवर गेली तर गोष्ट आणखी वेगळी. हवा नसलेल्या थरात पीएलए नुसतं पडून राहतं, आणि कागद, बगॅस, उष्टं यांच्यापासून मिथेन होतो. सुक्या कचऱ्यात गेली तरी नुकसान कचरावेचकांचं. पीएलएचा पारदर्शक ग्लास पाण्याच्या बाटलीसारखाच दिसतो, पण बाटलीचं 'पेट' (PET) प्लास्टिक वितळायला 250 अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि पीएलए त्याच्या कितीतरी आधीच वितळून माल डागाळतो. सुका माल निवडून पोट भरणाऱ्या माणसाच्या वजनकाट्यावर तो भुर्दंड पडतो, आणि याचा विचार खरेदी करणाऱ्याने करायला हवा.

वापराबाबत दोन-तीन बारीक गोष्टी. पीएलएच्या ग्लासात चहा ओतू नका, 60 अंशांच्या पुढे तो मऊ पडून वाकतो. थंड सरबताला ठीक. त्याचे चमचे स्फटिकासारखे घट्ट करून घेतलेले असतात, ते गरम भाजीला टिकतात, पण ढिगातही जास्त काळ टिकतात. कागदी चहाच्या कपाला आतून बहुधा पॉलिथिनचा पातळ थर असतो, तो टाक्यात टाकू नका. पिशव्यांचा वर्षभराचा साठा करू नका: दमट हवेत त्या कपाटातच ठिसूळ होतात आणि पावसाळ्यात हे फार लवकर घडतं. कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांपुरत्याच घ्या. सॅनिटरी पॅड आणि डायपर, वर काहीही लिहिलेलं असो, सोसायटीच्या टाक्यात नाहीत.

गणपतीच्या महाप्रसादाचं विचाराल तर पहिली पसंती स्टीलच्या ताटांची. भांडी भाड्याने मिळतात, धुणाऱ्या बायकांना काम मिळतं. पाण्याची किंवा माणसांची अडचण असेल तर पत्रावळ आणि द्रोण. ते मिळाले नाहीत तर बगॅस, आतून प्लास्टिकचा थर नसलेला आणि फ्लोरीनचा अहवाल असलेला. ताटल्या टाकण्याआधी फाडा आणि टाक्यात एकावर एक गठ्ठा करू नका, आतल्या ताटल्या महिनोन्‌महिने कोरड्या राहतात. उष्टं आणि ताटल्या एकत्रच टाका: एकात नत्र, दुसऱ्यात कार्बन, आणि दहा दिवसांचा माल एकदम जमल्यामुळे गणपतीनंतरचं तुमचं टाकं वर्षातलं सर्वांत जास्त तापेल. उरलेल्या पिशव्यांच्या चिंध्या नेमक्या त्याच वेळी मधोमध घाला. तापमापीच्या पहिल्या पंधरवड्याच्या नोंदी आणि पिशवीवरचा प्रमाणपत्र क्रमांक कळवलात, तर पिशवीचा दोष किती आणि टाक्याचा किती, हे आणखी नेमकं सांगता येईल.